न चावणाऱ्या कुत्र्याचा इतिहास

तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात माझ्या भाच्याला खोकला लागला आणि तो दोन महिने हटेना. वय चार वर्षं. मधूनमधून ताप, रात्री छातीत घरघर, जेवणावरची वासना उडालेली. ताई आणि भाऊजी दोघंही धडगावच्या बाजूला शिक्षक. धडगावहून शहादा, शहाद्याहून नंदुरबार असं करत तीन डॉक्टर झाले. कुणी बालदमा म्हणालं, कुणी हवा मानवत नाही म्हणालं. रक्त तपासलं तेव्हा इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी शंभरात अडतीस निघाल्या. एरवी त्या पाच-सहाच्या वर नसतात. शेवटी नाशिकच्या एका बालरोगतज्ज्ञांनी पोट दाबून पाहिलं, यकृत थोडं वाढलंय म्हणाले आणि दोन प्रश्न विचारले. घरात कुत्र्याचं पिल्लू आहे का? आणि हा माती खातो का?

दोन्हींचं उत्तर हो होतं. ताई घाईघाईने म्हणाली, "पण डॉक्टर, ती चावत नाही हो."

डॉक्टर हसले. "चावायची गरजच नसते," म्हणाले.

रक्ताचा नमुना मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत गेला. कुत्र्याच्या आतड्यातल्या गोल जंताविरुद्धची प्रतिपिंडं त्यात सापडली. पाच दिवस औषध झालं, काही आठवड्यांत खोकला ओसरला, भाचा आता ठणठणीत आहे. म्हणजे गोष्ट तशी संपली. मला मात्र ताईचं ते वाक्य सोडेना. दोघंही शिकलेली, घर स्वच्छ, राणीला (पिल्लाचं नाव राणी) रेबीजची लससुद्धा टोचलेली. तरीही कुत्र्याचा धोका म्हणजे चावणं, याच्या पलीकडे आमच्या घरात कुणाचंच डोकं गेलं नव्हतं. माझंही नाही. हे असं का, याचा शोध घेत गेलो आणि तो शोध मला मुंबईची दंगल, वॉशिंग्टनमधल्या काचेच्या पट्ट्या आणि आजीच्या वेळच्या नारूपर्यंत घेऊन गेला.

*

आधी त्या जंताबद्दल. त्याचं शास्त्रीय नाव टॉक्सोकॅरा कॅनिस. दिसायला माणसाच्या पोटातल्या जंतासारखाच. पांढुरका, गोल, वीतभर नाही पण बोटापेक्षा लांब. पिल्लाचं पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं दिसतं आणि कधी उलटीतून शेवयांसारखं काहीतरी पडतं, ते हेच. आपल्याकडे लोक ते पाहतात, "पोटात जंत झालेत" म्हणतात आणि सोडून देतात.

या जंताची खरी चलाखी कुत्रीच्या शरीरात आहे. मोठ्या कुत्र्याच्या पोटात अंडी गेली तर त्यातल्या बऱ्याच अळ्या आतड्यात वाढत नाहीत. त्या स्नायूंमध्ये, इंद्रियांमध्ये जाऊन निपचित पडून राहतात, महिनोन्महिने, वर्षानुवर्षंही. कुत्री गाभण राहिली की शेवटच्या तीन आठवड्यांत त्या जाग्या होतात, वारेतून पिल्लांमध्ये शिरतात. उरलेल्या दुधातून जातात. म्हणजे पिल्लू जन्माला येतं तेच जंत घेऊन, आणि डोळे उघडून अंगणात रांगायला लागतं तोवर तीन-चार आठवड्यांत त्याच्या विष्ठेतून अंडी पडू लागतात. एक मादी जंत दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालू शकते.

पडलेली अंडी लगेच धोक्याची नसतात. त्यांच्यात अळी तयार व्हायला मातीत दोन ते चार आठवडे जावे लागतात. रखरखीत उन्हात ती मरतात. सावलीच्या, ओलसर जागेत, म्हणजे ओसरीच्या कडेला, गोठ्यामागे, पाणी सांडणाऱ्या हौदापाशी महिनोन्महिने टिकतात, काही तर वर्षं काढतात. म्हणून पिल्लाला कुरवाळण्यापेक्षा मोठा धोका त्या अंगणातल्या मातीचा असतो. विष्ठा कधीच वाळून विरून गेलेली असते, जागा स्वच्छ दिसते आणि मूल तिथे बसून चिखलाचा बैल करत असतं.

माणूस हे या जंताचं घर नव्हे. मुलाच्या पोटात अंडं फुटतं, अळी बाहेर येते, आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरते. पण कुत्र्यात ज्या खुणा तिला वाट दाखवतात त्या इथे नसतात. मग ती भटकते. यकृत, फुप्फुसं, क्वचित मेंदू, क्वचित डोळा. ती कधीच मोठी होत नाही, अंडी घालत नाही. बहुतेकांना काहीच त्रास होत नाही आणि झालं होतं हे कळतही नाही. थोड्या जणांना ताप, खोकला, वाढलेलं यकृत. आणि अगदी थोड्या जणांच्या एका डोळ्यात, दृष्टिपटलावर एक पांढरा डाग.

यातली एक बाब आपल्या गोष्टीसाठी फार महत्त्वाची आहे. अळी माणसात प्रौढ होत नाही, त्यामुळे माणसाच्या शौचात या जंताची अंडी कधीच सापडत नाहीत. कितीही तपासा.

*

कुत्र्यातला हा जंत जुना ओळखीचा. १७८२ साली वेर्नर या जर्मन अभ्यासकाने त्याचं वर्णन केलं होतं. त्यानंतर जवळजवळ पावणेदोनशे वर्षं तो केवळ जनावरांच्या डॉक्टरांचा विषय राहिला. १९२१ मध्ये हॅम्बुर्गच्या फ्रिड्रिख फ्युलेबोर्नने अशा अळ्या माणसाच्या शरीरात भटकत असाव्यात अशी शंका मांडली होती, पण तिच्याकडे फारसं कुणी वळून पाहिलं नाही.

१९५० साली वॉशिंग्टनच्या लष्करी विकृतिशास्त्र संस्थेत हेलेनॉर कँपबेल वाइल्डर ही संशोधक जुन्या पेट्या उघडून बसली. त्यात मुलांचे काढून टाकलेले डोळे होते. बाहुलीमागे पांढरट चमक दिसली की रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे डोळ्याचा कर्करोग असल्याचा संशय येतो. मूल वाचावं म्हणून डोळा काढावा लागे. अशा ४६ डोळ्यांचे पातळ काप तिने पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली घातले. त्यांपैकी २४ डोळ्यांमध्ये कर्करोग नव्हताच. तिथे गोल कृमीची अळी किंवा तिचे अवशेष होते.

वाइल्डरला ती हुकवर्मची अळी वाटली. दोन वर्षांनी, १९५२ मध्ये, न्यू ऑर्लीन्समध्ये पॉल बीव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन लहान मुलांची हकीकत छापली. ताप, वाढलेलं यकृत, रक्तात इओसिनोफिलचा पूर. यकृताच्या तुकड्यात अळी सापडली आणि ती टॉक्सोकॅराची निघाली. मग १९५६ मध्ये निकोल्सने वाइल्डरच्या पट्ट्या परत पाहिल्या, आणि डोळ्यांतल्या अळ्यांमध्येही त्याला टॉक्सोकॅराच सापडला.

तो आकडा माझ्या डोक्यातून जात नाही. शेहेचाळीसपैकी चोवीस. त्या डॉक्टरांची चूक म्हणावी तर तीही नव्हती. समोर कर्करोगासारखं काही दिसत असताना आणि दुसरी शक्यता पुस्तकात छापलेलीच नसताना ते वेगळं काय करणार होते? रोग होता. त्याचं नाव नव्हतं, म्हणून तो दुसऱ्याच्या नावावर जमा होत होता.

*

आता आपल्याकडे येऊ. आपल्याकडे कुत्र्याला काही कमी इतिहास नाही. खंडोबाचे वाघे स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवतात आणि कोटंब्यातलं खातात. दत्ताच्या पायाशी चार कुत्री बसलेली असतात. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा आपण लहानपणीच ऐकलेली असते. म्हणी पाहिल्या तर 'भुंकणारं कुत्रं चावत नाही' ही सगळ्यांच्या तोंडी. भक्ती एका टोकाला, दात दुसऱ्या टोकाला.

सरकारदरबारी तर फक्त दात. मुंबईच्या आधुनिक काळातली पहिली दंगल म्हणून जी सांगितली जाते ती १८३२ च्या जून महिन्यातली, आणि ती कुत्र्यांवरून झाली. उन्हाळ्यात पिसाळलेल्या कुत्र्यांचा उपद्रव होतो म्हणून भटकी कुत्री मारायचा हुकूम होता, आणि दर कुत्र्यामागे आठ आणे मिळत. बक्षिसाच्या लोभाने शिपाई घरात शिरून पाळीव कुत्रीही मारायला लागले. पारशी समाजात अंत्यविधीत कुत्र्याला मान आहे. 'सगदीद' म्हणजे प्रेताला कुत्र्याचं दर्शन. पारशी रस्त्यावर उतरले, हिंदू-जैन व्यापारीही सामील झाले, दुकानं बंद पडली, कुलाब्याच्या छावणीचा शिधा अडला.

पुढे १८८५ मध्ये पाश्चरने रेबीजची लस माणसावर वापरली. १९०० साली कसौलीला पाश्चर संस्था निघाली, १९०७ मध्ये कुन्नूरला. कसौलीतच डेव्हिड सेंपल यांनी १९११ च्या सुमारास मेंढीच्या मेंदूपासून लस बनवली, आणि तिने पुढच्या तीन-चार पिढ्यांचं बालपण दहशतीखाली घालवलं. पोटात चौदा इंजेक्शनं! कुत्र्याच्या वाटेला जाऊ नये यासाठी मराठी घरात दिली गेलेली ही सगळ्यात परिणामकारक धमकी असावी. २००० नंतरही काही वर्षं ती लस देशात वापरात होती. मुंबई महापालिकेने कुत्री मारणं थांबवून नसबंदीचा मार्ग धरला तो १९९० च्या दशकात. देशभरासाठी नियम आले २००१ मध्ये. हुकूम बदलले, मारणं गेलं, नसबंदी आली, तरी प्रश्न तोच राहिला: चावलं तर काय?

यात चूक आहे असं मी म्हणत नाही. रेबीज झाला की माणूस जातो. ज्याला आधी घाबरायचं त्यालाच लोक घाबरले. पण या भीतीने कुत्र्याविषयी विचार करायची सगळी जागा व्यापली. चावणारं कुत्रं आणि न चावणारं कुत्रं अशी वाटणी झाली आणि न चावणाऱ्याचं पुढे काही पाहायचंच उरलं नाही.

जंतांविषयीही आपलं ज्ञान थोडं नाही. मूल झोपेत दात खातं म्हणजे जंत झाले, गोड जास्त खाल्लं की जंत होतात, बाळाला वावडिंगाचं पाणी द्यावं, हे प्रत्येक आजीला माहीत. पण या जंतांचं घर म्हणजे मुलाचं पोट. ते दुसऱ्या कुणाच्या पोटातून, तेही मातीमार्गे येत असतील याला भाषेतही जागा नाही. मी आमच्या भागात बऱ्याच जणांना विचारलं. कुत्र्याच्या जंताला वेगळा शब्द कुणाला सांगता आला नाही.

*

एका कृमीला मात्र आपल्याकडे शब्द होता, आणि तो उच्चारताच म्हातारी माणसं अजूनही पाय आखडून घेतात. नारू.

माझ्या आजीच्या डाव्या घोट्याच्या वर एक चुरगळल्यासारखा व्रण होता. तिचं माहेर सातपुड्याच्या पायथ्याचं. ती सांगे, आधी फोड आला, मग आग, मग फोड फुटून दोरा बाहेर आला. तो काडीवर रोज थोडा थोडा गुंडाळायचा. घाईने ओढला आणि तुटला तर पाय सडतो. ऐन कामाच्या दिवसांत ती दोन महिने खाटेवर होती.

हा दोरा म्हणजे जवळजवळ मीटरभर लांब मादी कृमी. तिची पिल्लं पाण्यात पडतात, सायक्लॉप्स नावाचा डोळ्याला जेमतेम दिसणारा जलजीव त्यांना गिळतो, माणूस पाण्याबरोबर तो सायक्लॉप्स पितो आणि वर्षभराने पायाला फोड येतो. हे कोडं सुटायला वेळ लागला, आणि सोडवण्यात या भागाचा हात होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हेन्री कार्टर या डॉक्टरने मुंबईतल्या एका शाळेची नोंद केली: तिथली ५० मुलं एका विशिष्ट तळ्यात आंघोळ करत, त्यांतल्या २१ जणांना वर्षभरात नारू झाला, दुसरीकडे आंघोळ करणाऱ्या शाळांतली मुलं बहुतेक सुटली. तळ्यात दोष आहे हे त्याला कळलं, मार्ग कळला नाही. तो १८७० च्या सुमारास फेदचेन्को या रशियन अभ्यासकाला तुर्कस्तानच्या बाजूला सापडला. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात परळच्या प्रयोगशाळेत, जिला आज आपण हाफकिन म्हणतो, लिस्टन आणि तुरखुड यांनी त्यावर काम केलं. १९३० च्या दशकात म्हैसूर संस्थानातल्या चित्रदुर्गाकडे व्ही. एन. मूर्ती यांनी विहिरींत सायक्लॉप्स खाणारे छोटे मासे सोडून पाहिले. त्याच मूर्तींनी प्रयोगात कुत्र्यांना नारू देऊन दाखवला. म्हणजे कुत्रा इथेही होताच, पण तेव्हा ती प्रयोगशाळेतली गंमत वाटावी अशी बाब होती.

नारूला हरवलं ते औषधाने नव्हे. त्यावर औषध नव्हतं, लस नव्हती. हरवलं ते पायऱ्यांच्या विहिरी बुजवून किंवा बांधून काढून, पाणी कापडातून गाळून, विहिरीत औषध टाकून आणि हातपंपाने. तो हातपंप १९७० च्या दशकाच्या शेवटी 'इंडिया मार्क टू' नावाने देशभर गेला. त्याची मुळं जालना आणि सोलापूरला मिशनच्या लोकांनी दुष्काळी गावांसाठी घडवलेल्या पंपांत आहेत. आणि या सगळ्याइतकीच महत्त्वाची होती मोजणी. १९८३-८४ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला तेव्हा सात राज्यांत, त्यात महाराष्ट्रही होता, सुमारे चाळीस हजार रोगी सापडले. नर्मदेच्या पलीकडचा झाबुआ जिल्हा तर त्यातल्या वाईट जिल्ह्यांपैकी एक. धडगावच्या टेकडीवरून दिसणारा पलीकडचा अलीराजपूरचा मुलूख तेव्हा झाबुआतच मोडे. कार्यकर्ते पायातून कृमी निघतानाचं चित्र घेऊन घरोघर जात. वर्षातून अनेकदा, त्याच घरी, तोच प्रश्न. पुढे रोगी कमी झाले तसं, कळवणाऱ्याला बक्षीस. मुंबईच्या शिपायाला कुत्रं मारल्याबद्दल मिळायचं तसं नव्हे, रोगी दाखवल्याबद्दल.

शेवटचा रोगी जुलै १९९६ मध्ये राजस्थानातल्या जोधपूर जिल्ह्यात नोंदला गेला. फेब्रुवारी २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. आमचा नंदुरबार जिल्हा धुळ्यातून वेगळा झाला १ जुलै १९९८ रोजी. त्याच्या वाट्याला नारू आलाच नाही. माझ्या पिढीने तो फक्त आजीच्या घोट्यावर पाहिला.

या गोष्टीला एक शेपूट आहे. जगभरात १९८६ साली सुमारे ३५ लाख लोकांना नारू होत असे. २०२३ मध्ये हा आकडा १४ वर आला. पण २०१२ पासून आफ्रिकेतल्या चाडमध्ये तो कुत्र्यांमध्ये सापडू लागला, आणि २०२० मध्ये तिथे दीड हजारांवर कुत्री बाधित निघाली. बुखाऱ्यात इसायेव यांनी १९३१ पर्यंत माणसांतला नारू संपवला, त्यानंतरही तिथल्या कुत्र्यांत तो काही काळ दिसत होताच. चाडमध्ये आता नारू झालेलं कुत्रं बांधून ठेवणाऱ्याला बक्षीस मिळतं. ज्याला कुणी हिशेबात धरलं नव्हतं, त्याच्यावरच जगातल्या शेवटच्या नारूचं भवितव्य अडलंय.

*

मी पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो. माझ्या धंद्यात एक साधं दुखणं आहे: ज्या बिघाडाची नोंद होत नाही तो बिघाड बैठकीत अस्तित्वातच नसतो. कुणी वाईट असतं असं नाही. तक्त्यात रकाना नसतो, एवढंच.

नारूचा रकाना सोपा होता. पायातून दोरा बाहेर येतो. निरक्षर माणसालाही चित्र दाखवून विचारता येतं. टॉक्सोकॅराला बाहेर यायची सवय नाही. तो ना फोड आणतो ना दोरा. शौच तपासून जंतांची पाहणी होते, आणि शौचात तो नसतोच. त्याला पकडायला रक्तातली प्रतिपिंडं पाहावी लागतात. ती नीट पाहायची पद्धत १९७० च्या दशकात आली, पण तालुक्याच्या ठिकाणी ती आजही होत नाही. शिवाय हा कळवणं बंधनकारक असलेला आजार नाही. माझ्या भाच्याची केस त्या डॉक्टरांच्या कागदात आहे, आमच्या फाइलमध्ये आहे, आणखी कुठेही नाही.

अमेरिकेत, जिथे पाळीव कुत्र्याला डॉक्टर असतो, तिथेही १९८८ ते १९९४ च्या पाहणीत सुमारे चौदा टक्के लोकांच्या रक्तात या जंताची खूण सापडली होती. जगभरच्या पाहण्या एकत्र केल्यावर अंदाज आला तो जवळजवळ पाचात एकाचा. आसामच्या चहामळ्यांत रेबेका ट्रॉब आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात जवळपास प्रत्येक कुत्र्यात माणसाला बाधू शकणारा एखादा तरी परजीवी निघाला. त्याहून विचारात पाडणारी गोष्ट म्हणजे त्या कुत्र्यांच्या विष्ठेत माणसांच्या जंतांची अंडीही होती. उघड्यावरची माणसाची घाण कुत्रं खातं आणि अंडी दुसऱ्या अंगणात नेऊन टाकतं. म्हणजे दोष एकट्या कुत्र्याचा नाही. देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी आहे.

दर वर्षी राष्ट्रीय जंतनाशक दिन होतो. २०१५ मध्ये सुरू झालेल्या या मोहिमेत अंगणवाडीत, शाळेत अल्बेंडाझोलची गोळी मिळते. ताई स्वतः वर्गात वाटते. चांगलीच गोष्ट आहे, पोटातले जंत तिने पडतात. पण भटक्या अळीसाठी एक गोळी पुरत नाही, आणि ज्या पिल्लाच्या पोटातून अंडी येतात ते शाळेच्या दारात शेपूट हलवत उभं असतं. मुलांना गोळी, पिल्लाला नाही. माणसांचं खातं वेगळं, जनावरांचं वेगळं, आणि माती दोघांच्याही खात्यात नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशात १ कोटी ५३ लाख भटकी कुत्री मोजली गेली, महाराष्ट्रात पावणेतेरा लाखांच्या आसपास. डोकी मोजली, पोटं नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्लीच्या कुत्र्यांवरून सर्वोच्च न्यायालयात वाद गाजला. २२ तारखेच्या आदेशात नसबंदी आणि लसीबरोबर जंतनाशकाचाही उल्लेख होता. वाद टीव्हीवर दिवसेंदिवस चालला. त्या एका शब्दावर मी कुणाला बोलताना ऐकलं नाही.

मोजणीवरून आठवलं. आधारचा पहिला क्रमांक दिला गेला तो आमच्याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात, २९ सप्टेंबर २०१० रोजी. पंतप्रधान आले होते. मी तेव्हा शाळेत होतो आणि आमच्या जिल्ह्याचं नाव बातम्यांत कुपोषणाशिवाय दुसऱ्या कशासाठी तरी आलं याचं केवढं अप्रूप वाटलं होतं. दहा बोटांचे ठसे आणि दोन डोळ्यांची बुबुळं घेतली जात. पाच वर्षांखालच्या मुलांचं मात्र बुबुळ घेत नाहीत, कारण ती अजून वाढत असतात. अंगणातली माती तोंडात घालायचं वय नेमकं हेच.

एखाद्या पाड्यावरच्या मुलाला एका डोळ्याने कमी दिसत असेल तर ते कसं कळणार? दुसरा डोळा काम भागवतो. मूल तक्रार करत नाही, कारण पूर्ण दिसणं म्हणजे काय हे त्याला ठाऊक नसतं. कधीतरी शाळेतल्या तपासणीत कळतं, तेव्हा कागदावर 'एका डोळ्याने दृष्टी कमी' असं लिहिलं जातं. कारणाचा रकाना मोकळा राहतो. वाइल्डरने उघडल्या तशा पेट्या उघडायला आपल्याकडे पेट्याच नाहीत.

*

यावर करायचं ते नारूइतकं अवघडही नाही. विहिरी बांधायच्या नाहीत, पंप बसवायचे नाहीत. पिल्लू दोन आठवड्यांचं झालं की जंताचं पातळ औषध, मग दर दोन आठवड्यांनी, तीन महिन्यांचं होईपर्यंत. त्याच वेळी कुत्रीलाही. विष्ठा ताजी असतानाच उचलून पुरायची, कारण ताजी असते तोवर ती निरुपद्रवी असते. खेळून आल्यावर मुलांचे हात साबणाने धुवायचे, नखं कापायची. कुत्रं हाकलायचं नाही. हाकलून ते जाणार कुठे, पुढच्याच अंगणात. सातपुड्यातल्या पाड्यावर कुत्र्याशिवाय घर नसतं, बिबट्याच्या मुलखात ते परवडणारही नाही.

राणीला ताईने सोडलं नाही. या वर्षी तिला पाच पिल्लं झाली. राणीच्या अंगात झोपलेल्या अळ्या त्यांच्यात उतरल्या असणार. त्यांना मारणारं साधं औषध नाही, हे तालुक्याच्या पशुवैद्यकांनी ताईला सांगितलं. म्हणून पिल्लांना वेळेवर द्यायचं.

दिवाळीला गेलो तेव्हा स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर नजर गेली. दुधाचा हिशेब, गॅसची तारीख, गॅदरिंगची तालीम. त्यांच्यामध्ये, दर दुसऱ्या रविवारच्या चौकोनात निळ्या पेनाने लिहिलं होतं: 'राणी + ५, औषध'. तीन चौकोनांवर बरोबरची खूण होती. चौथा यायचा होता. भाचा स्टुलावर चढून मला ते चौकोन बोटाने दाखवत होता, आणि ताई मागून ओरडत होती, आधी हात धू.